शाळा सोडली... भरलेल्या फीचं काय?

जुलै २०२५ मधली परभणी जिल्ह्यातली ती बातमी तुमच्यापैकी बऱ्याच जणींना आठवत असेल. झिरो फाटा इथल्या एका निवासी शाळेत एका बापानं आपल्या लहानग्या लेकीला घातलं होतं. पोरीचं मन होस्टेलमध्ये रमलं नाही आणि ती घरी परत आली. बाप शाळेत गेला तो दोनच गोष्टी मागायला. मुलीचा दाखला आणि भरलेली फी. तिथं वाद झाला, मारहाण झाली आणि त्यातच त्याचा जीव गेला, अशी तक्रार झाली. संस्थाचालक पती-पत्नीवर गुन्हा दाखल झाला. दोषी कोण हे न्यायालय ठरवेल. पण फीच्या पैशांसाठी आणि एका कागदासाठी घरातला कर्ता माणूस गेला, हे काही कुठल्या निकालानं बदलणार नाही.

परभणी आपल्या बुलडाणा जिल्ह्यापासून फार लांब नाही. आणि तिथला प्रश्न तर आपल्या दारातलाच आहे. चिखली असो, मेहकर असो, खामगाव, मलकापूर नाहीतर देऊळगाव राजा; इंग्लिश मीडियमच्या आणि निवासी शाळांच्या पाट्या आता गावोगावी दिसतात. आपल्यासारखं पोरांना शेतात राबावं लागू नये, चार शब्द इंग्रजी यावेत, म्हणून आई-बाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. तीही नेमकी जूनमध्ये. एकीकडे बी-बियाणं, खत. दुसरीकडे शाळेची फी, पुस्तकं, गणवेश, व्हॅनचं भाडं. सोयाबीनचा पैसा हातात यायला दसरा-दिवाळी उजाडते. मग बचत गटातून उचल होते, नाहीतर कानातलं गहाण पडतं.

आणि मग कधी मूल रमत नाही. कधी नोकरीत बदली होते. कधी पीक बुडतं. कधी घरचा माणूसच जातो. शेतकरी आत्महत्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं, त्यात आपला बुलडाणाही होता. अशा घरात पहिली कात्री कशावर लागते? मुलांच्या खासगी शाळेवर. आई लेकराला काढून जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायला निघते, तेव्हा जुन्या शाळेतून ठरलेलं उत्तर येतं, "बाकी भरा, मग दाखला घेऊन जा." भरलेल्या पैशांचं विचारलं तर, "एकदा भरलेली फी परत मिळत नाही, पावतीवर छापलंय बघा."

बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की बायका एकच वाक्य बोलतात, "जाऊ द्या ताई, भरले ते भरले. आता काय मिळतीन?" या लेखाचा खटाटोप त्या 'जाऊ द्या'साठी आहे. काय मिळू शकतं, काय मिळणं अवघड आहे आणि कुठं जायचं, हे आपल्याला नीट माहीत हवं.

दाखला वेगळा, पैसे वेगळे

मैत्रिणींनो, पहिली गोष्ट मनात पक्की करा. दाखला आणि पैसे या दोन वेगळ्या गाठी आहेत. शाळा त्यांची एकच गाठ मारते आणि आपण फसतो.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा आपण २५ टक्के मोफत प्रवेशांसाठी ओळखतो. त्याच कायद्याचं पाचवं कलम दाखल्याबद्दल आहे. पहिली ते आठवीच्या मुलाला कुठल्याही कारणानं शाळा बदलायची असेल, तर सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा त्याला हक्क आहे. त्यासाठी आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा असतो. उशीर केला तर मुख्याध्यापकावर कारवाई होऊ शकते. आणि दाखला यायला वेळ लागला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही की लांबवता येत नाही.

कोरोनाच्या काळात हजारो घरांची कमाई थांबली आणि मुलं खासगी शाळांतून बाहेर पडू लागली. फी थकली म्हणून दाखले अडकले. तेव्हा जून २०२१ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागानं स्पष्ट केलं, की दाखला नसला तरी पहिली ते दहावीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांनी प्रवेश नाकारू नये. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानंही म्हटलं, की दाखला हे फीची थकबाकी वसूल करायचं हत्यार नाही. तो निकाल तमिळनाडूतला असला, तरी त्यातला विचार सगळीकडच्या आयांनी लक्षात ठेवावा असा आहे.

शाळेचे पैसे खरंच बाकी असतील तर ते मागायचा शाळेला हक्क आहेच. त्यासाठी तिनं नोटीस द्यावी, कायद्यानं वसूल करावेत. पण त्यापायी लेकराचं वर्ष वेठीला धरता येत नाही.

आता एक व्यवहारातली अडचण. हल्ली मुलांची नोंद ऑनलाइन असते. जुन्या शाळेनं तिथून नाव सोडलं नाही, तर नव्या शाळेच्या यादीत ते येत नाही. अशा वेळी नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगून पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यायचा. मूल मात्र त्या दिवसापासून वर्गात बसलं पाहिजे. "नाव आलं की पाठवा" असं कुणी म्हटलं, तर पाचवं कलम दाखवा.

फी परत मिळते का?

आता पैशांचं. इथं मी तुम्हाला गोड खोटं सांगणार नाही.

आपल्या राज्यात शाळांच्या फीसाठी कायदा आहे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११. तो अमलात यायला २०१४ उजाडलं. फी कशी ठरवायची, जास्त घेतली तर काय शिक्षा, हे सगळं त्यात आहे. मंजूर फीपेक्षा जास्त घेतलेली रक्कम पालकांना परत करावी लागते आणि शाळेला दंडही होतो. पण मुलानं मध्येच शाळा सोडली तर पंधरा दिवसांनंतर किती परत, दोन महिन्यांनंतर किती, असं कोष्टक त्यात नाही. आणि नेमक्या याच फटीतून आपले पैसे गळतात.

कॉलेजचं बघा. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये कॉलेजांसाठी साफ कोष्टक दिलं. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याआधी नाव काढलं तर पूर्ण फी परत, त्यातून प्रक्रियेचा थोडा खर्च तेवढा कापायचा. शेवटचे पंधरा दिवस उरले असताना काढलं तर ९० टक्के. तारीख उलटून पंधरा दिवसांच्या आत असेल तर ८० टक्के, महिन्याच्या आत असेल तर ५० टक्के, त्यानंतर काही नाही. मूळ कागदपत्रंही कॉलेजनं अडकवून ठेवायची नाहीत. २०२४-२५ च्या प्रवेशांना तर आयोगानं ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यांना पूर्ण फी परत द्यायला सांगितलं होतं.

क्लासचं बघा. आपल्या जिल्ह्यातली किती मुलं डॉक्टर, इंजिनिअर व्हायचं म्हणून अकोला, लातूर, नांदेडला क्लाससाठी जातात! केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलानं पूर्ण फी भरून मध्येच क्लास सोडला तर राहिलेल्या काळाच्या हिशेबानं फी दहा दिवसांत परत द्यावी, होस्टेल आणि मेसचे पैसेही द्यावेत, असं त्यात आहे. समजा दहा महिन्यांचे ८० हजार भरले आणि मूल दोन महिन्यांनी परत आलं, तर आठ महिन्यांचे ६४ हजार मागता येतात. या सूचना आहेत, त्यांना कायद्याचा दात नाही. पण बोट ठेवायला कागद तर आहे!

म्हणजे अठरा वर्षांच्या पोराला कॉलेज सोडताना कोष्टक आहे, सोळा वर्षांच्या पोराला क्लास सोडताना सूचना आहेत आणि तिसरीतल्या लेकरासाठी काहीच नाही. सीबीएसई बोर्डाच्या जुन्या संलग्नता नियमावलीत, पालकांची बदली किंवा आजारपण अशा नाइलाजानं मूल मध्येच गेलं तर उरलेल्या काळाच्या प्रमाणात फी परत करावी, असं कलम होतं. ती नियमावली जाऊन २०१८ मध्ये नवी आली. राज्य मंडळाच्या शाळांसाठी तसं कलम आपल्या फी कायद्यात घालायला काय हरकत आहे?

शाळांची बाजूही ऐकली पाहिजे. विनाअनुदानित शाळेचे पगार फीतूनच होतात. मोफत प्रवेशाच्या मुलांचे पैसे सरकारकडून वेळेवर येत नाहीत, ही त्यांची तक्रार जुनी आहे. जानेवारीत मूल गेलं तर ती जागा वर्षभर रिकामीच राहते, हेही खरं. म्हणून तर पायऱ्यांचं कोष्टक हवं. पंधरा दिवसांत गेलेल्या मुलाची जागा भरता येते, तिथं सगळी फी गिळणं बरोबर नाही. आणि जे लेकरू मेसमध्ये पंधराच दिवस जेवलं, त्याचे वर्षभराच्या जेवणाचे पैसे कशाचे?

मग आज काय मागता येईल? पावती समोर घ्या आणि एकेक रकमेवर बोट ठेवा. अनामत रक्कम म्हणून घेतली असेल तर ती ठेव आहे, हिशेब करून परत मागायची. व्हॅन, होस्टेल, मेस यांचे राहिलेल्या महिन्यांचे पैसे मागायचे. परीक्षा झालीच नसेल तर परीक्षा फी मागायची. न मिळालेल्या पुस्तकांचे आणि गणवेशाचे मागायचे. शिकवणीची फी मात्र प्रवेशाच्या वेळी काय लिहून दिलं होतं आणि मूल किती दिवस गेलं, यावर भांडावी लागते. मिळेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर नक्कीच मिळत नाही.

फी परत होऊ शकते याचं उदाहरणही आपल्याकडे आहे. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२१ मध्ये राजस्थानातल्या शाळांच्या खटल्यात सांगितलं, की कोरोनात ज्या सोयी वापरल्याच गेल्या नाहीत त्यांचा खर्च वाचला, तेव्हा १५ टक्के फी कमी करा. त्या आधारावर १२ ऑगस्ट २०२१ ला आपल्या राज्यानं १५ टक्के कपातीचा आदेश काढला. ज्यांनी पूर्ण फी भरली होती, त्यांची जादा रक्कम पुढच्या हप्त्यात वळती करा आणि ते जमत नसेल तर परत करा, असं त्यात होतं. त्यावर संस्थाचालक न्यायालयात गेले, सगळ्यांना पैसे मिळाले असंही नाही. पण 'न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवू नयेत' हे तत्त्व देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं मानलं, हे काही थोडं नाही.

पायरी पायरीनं कसं जायचं?

पहिली पायरी प्रवेशाच्याच वेळची. मूल काढलं तर फीचं काय, हे पैसे भरण्याआधी विचारा आणि लेखी मागा. वर्षाची फी एकदम भरू नका, हप्ते मागा. रोख दिले तरी पावती घ्याच, आणि पावतीवर प्रत्येक रक्कम कशाची हे वेगवेगळं लिहून घ्या. 'डोनेशन' वगैरे कोऱ्या कागदावर देऊ नका. शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेशासाठी देणगी घ्यायला बंदी आहे, घेतली तर दहा पटीपर्यंत दंड आहे. लहान लेकराला होस्टेलला ठेवायचं असेल तर पहिला महिना रमतं का ते बघून पुढचे पैसे भरता येतील का, हेही बोलून घ्या.

दुसरी पायरी अर्जाची. मूल काढायचं ठरलं की त्याच दिवशी लेखी कळवा. तोंडी सांगून महिनाभर घरी बसवलं, तर त्या महिन्याची फीही मागितली जाते. दोन वेगळे अर्ज करा. एकात फक्त दाखला मागा, पैशांचा उल्लेखही नको. दुसऱ्यात भरलेली रक्कम, तारखा, पावती क्रमांक, मूल किती दिवस शाळेत गेलं आणि परत हवी असलेली रक्कम लिहा. दोन्हींच्या दोन प्रती न्या, एकीवर शाळेचा शिक्का, सही आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा, पोस्टाची पावती जपून ठेवा.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. एकटं जाऊ नका, आणि घरच्या माणसाला तावातावानं एकटं पाठवू नका. गटातल्या दोघीजणी, एखादे निवृत्त गुरुजी बरोबर घ्या. आवाज चढला तर उठून बाहेर या. पैसे नंतरही मिळवता येतात. धमकी किंवा धक्काबुक्की झाली तर लगेच ११२ ला फोन करा. होस्टेलमध्ये मुलाला त्रास होत असेल, त्याला घरी सोडत नसतील, तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे.

शाळेनं दाद दिली नाही तर तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, मग बुलडाण्याला जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी आणि त्यावर अमरावतीला शिक्षण उपसंचालक. प्रत्येक ठिकाणी आधीच्या अर्जाची प्रत जोडा. अर्ज साधा, एका पानाचा असू द्या.

ग्राहक मंचाचं बऱ्याच जणी विचारतात. त्याला आता जिल्हा ग्राहक आयोग म्हणतात, बुलडाण्याला तो आहे. क्लासच्या फीसाठी तिथं नक्की जाता येतं. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघावा, बरेचदा तेवढ्यावर क्लासवाले पैसे देतात. शाळा-कॉलेजचं मात्र वेगळं आहे. शिक्षण ही विकत घ्यायची वस्तू नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं काही निकालांत म्हटलंय. २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगानंही शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यात येत नाहीत, क्लास येतात, असं सांगितलं. त्यामुळे शाळेच्या फीसाठी फक्त त्या एका दारावर भिस्त ठेवू नका.

आणि एक दार आपल्या बायकांसाठी खास उघडं आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो. बुलडाण्याला जिल्हा न्यायालयात त्याचं कार्यालय आहे, तालुक्याच्या कोर्टातही समिती असते. तिथून शाळेला एक पत्र गेलं, तरी बोलण्याचा सूर बदलू शकतो. म्हणून अर्ज आईच्या नावानं करा!

समितीत बसा, बायांनो

हे झालं पैसे अडकल्यावरचं. पण ते अडकूच नयेत यासाठीची जागाही कायद्यात आहे, आणि ती बहुतेक शाळांत रिकामी असते. फी कायद्यानुसार प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ हवा. प्रत्येक पालक त्याचा सदस्य असतो. त्यातून कार्यकारी समिती होते. दर इयत्तेतून एक पालक, तोही चिठ्ठ्या टाकून निवडायचा, संस्थेनं आपल्या ओळखीचा बसवायचा नाही. समितीत निम्म्या बायका हव्यात. फीचा प्रस्ताव शाळेनं या समितीपुढं ठेवायचा असतो, ठरलेली फी फलकावर लावायची असते, मराठीतसुद्धा.

किती शाळांत असं होतं? बरेचदा मीटिंगच्या वहीवर सही घेतात, चहा-बिस्कीट होतं, आणि आपण घरी येतो. पुढच्या वेळी सहीच्या आधी तीन प्रश्न विचारा. चिठ्ठ्या कधी टाकल्या? फीचा तक्ता कुठं लावलाय? आणि मूल मध्येच काढलं तर किती पैसे परत, हे तक्त्यात का नाही? कायद्यात कोष्टक नसलं तरी आपल्या शाळेपुरतं ते ठरवायचा आग्रह समिती धरू शकते. पंधरा दिवसांत एवढे, सत्र संपायच्या आत एवढे, आणि घरातला कमावता माणूस गेला तर दाखला त्याच दिवशी. चांगल्या संस्थेला यात अवघड काही नाही. उलट विश्वास वाढतो.

एकजुटीचं आणखी एक कारण आहे. २०१८ च्या दुरुस्तीनं, फीवाढीविरुद्ध विभागीय शुल्क नियामक समितीकडं जायला शाळेतले किमान २५ टक्के पालक एकत्र लागतात. एकट्या-दुकट्या आईचं तिथं कुणी ऐकत नाही. ही अट जाचक आहे, ती काढावी अशी मागणी पालक करतात. पण आज ती आहे. म्हणजे शंभर मुलांच्या शाळेत पंचवीस घरं. व्हॅनच्या थांब्यावर, गटाच्या बैठकीत, हळदी-कुंकवाला आपण एवढ्या जणी भेटतोच की.

आपण शिक्षणाला पवित्र मानतो, म्हणून शाळेशी पैशाचं बोलायचा संकोच वाटतो. गुरुजींशी हुज्जत कशी घालायची? पण फी घेताना कुणी संकोच करत नाही. जिजाऊंच्या सिंदखेडराजाचा हा जिल्हा. इथल्या आईनं लेकराच्या हक्काचा कागद आणि आपल्या कष्टाचा हिशेब मागितला, तर त्यात लाज कसली? या जूनमध्ये फी भरायला जाल तेव्हा पैशांबरोबर तो एक प्रश्नही न्या. आणि उत्तर लेखी घेऊनच घरी या.